विस्तव आणि सरपण

कार्तिकी झाली, आळंदीची वारी झाली, माऊलींच्या समाधीचा सोहळा डोळ्यांत साठवून मंडळी आपापल्या गावी परतली, की आमच्या गोदाकाठी खरी थंडी पडू लागते. मार्गशीर्ष सरून पौष लागला म्हणजे तर विचारूच नका. नदीवरून येणारे वारे अंगाला चावते. पहाटे गोठ्यातल्या बैलांच्या नाकपुड्यांतून वाफ निघताना दिसते. इकडे निफाडच्या बाजूला कधी कधी पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो आणि पिकत आलेल्या द्राक्षाचा मणी थंडीने तडकू नये म्हणून शेतकरी रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून जागतात. वेलीला ऊब लागते, मग माणसाला का लागू नये? म्हणून खेड्यात संध्याकाळ झाली की घरोघर चूल पेटते, ओसरीत आगटी पेटते, आणि देवळापुढे, पारापाशी, शेकोटी पेटते.

आता कोणी म्हणेल, परमार्थाच्या मासिकात शेकोटीचे काय काम? काम आहे. गेल्या पौषात आमच्या समोर एक प्रसंग घडला. तेव्हापासून हा विषय आमच्या मनातून जात नाही. वाचकांपुढे तो ठेवतो. दोष आमचाच आहे, दुसऱ्या कोणाचा नाही.

त्या दिवशी दुपारी अवकाळी पावसाची झड येऊन गेली होती. संध्याकाळी आकाश मोकळे झाले आणि गारठा दुप्पट वाढला. देवळात हरिपाठ झाला. नित्याची दहा-बारा मंडळी शेकोटीभोवती बसली. कोणीतरी बाभळीचा चांगला वाळलेला बुंधा आणून टाकला होता, त्यामुळे जाळ झकास लागला होता. बोलणे चालले होते ते नामाच्या महिम्याचे. इतक्यात आठ-नऊ वर्षांचे एक पोर येऊन उजेडाच्या कडेला उभे राहिले. गावाबाहेरच्या रानात ऊसतोडीची टोळी उतरली होती, तिथले ते. हातात पत्र्याचा एक तुकडा. आम्ही विचारले, "काय रे बाळा?" ते म्हणाले, "आईनं इस्तू मागितलाय. काडीपेटी सादळलीया."

विस्तव मागणाराला नाही म्हणू नये, ही आपल्याकडची जुनी रीत. एकाने लगेच चिमट्याने चार निखारे त्याच्या पत्र्यावर घातले. पोर हलेना. मग हळूच म्हणाले, "आन् दोन लाकडं बी द्या म्हनली. पाचट समदं भिजलंय."

यावर कोणीच काही बोलले नाही. जरा वेळाने एकजण म्हणाला, "लाकडं कुठनं आणायची बाबा? आम्हालाच पुरंनात." पोराने आमच्या सर्वांच्या तोंडाकडे एकदा पाहिले आणि पत्रा सांभाळत ते अंधारात निघून गेले. आम्हीही गप्पच बसलो. बुंधा जळत होता. आमच्या घरी परसात ढीगभर सरपण रचलेले होते. आणि आम्ही नुकताच हरिपाठ म्हटला होता.

त्या रात्री गोधडीत झोप आली नाही. मनात एकच प्रश्न घोळत राहिला. आपण त्या पोराला विस्तव दिला, मग आपण दिले काय? निखाऱ्यातून निखारा काढला तर आपल्या शेकोटीची ऊब रतीभरही कमी होत नाही. ज्याने देणाऱ्याचे काहीच उणे होत नाही तेवढे आपण मोठ्या मनाने दिले. ज्याने उणे होणार होते ते मागताच आपली वाचा बसली. विस्तव देणे सोपे आहे. कसोटी लागते ती सरपण देताना.

आपल्या मराठी भाषेत एक बोलणे आहे. दोन घरांत हाडवैर असले म्हणजे आपण म्हणतो, "त्यांच्यात विस्तव जात नाही." काडेपेटी घरोघर नव्हती त्या काळात रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकून राखायचा आणि सकाळी तो विझला तर शेजारणीकडून मागून आणायचा, अशी चाल होती. शेजार म्हणजे काय, तर ज्या दोन घरांत विस्तव जातो तो. आणि वैर म्हणजे विस्तव न जाणे. माणसामाणसांतल्या संबंधाचे माप आपल्या वाडवडिलांनी सोन्यानाण्याने केले नाही, चुलीतल्या निखाऱ्याने केले. पण याच मापाने आपलीच लाज उघडी पडते, हेही विसरता कामा नये. गावाच्या एका टोकाला कित्येक घरे अशी होती, की त्यांना विस्तव द्यायचा तो लांबून, हात लागू न देता. ज्या अग्नीला आपण पावन म्हणतो, तोच माणसाच्या हाताने विटाळतो असे मानणे हा केवढा उलटा न्याय! वाळवंटात एकमेकांच्या पायी लागणाऱ्या वारकऱ्याने गावी येऊन हा न्याय चालवला असेल तर तो त्याचा दोष. त्याचे खापर त्याने संतांवर फोडू नये.

मुक्ताबाईंच्या मांड्यांची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. सणाचे दिवस, मांडे करायचे, आणि मांडे भाजायला खापर हवे. विसोबा चाटींनी कुंभारांना दटावून ठेवले, या भावंडांना भांडे म्हणून द्यायचे नाही. मुक्ताबाई रडत परत आल्या. तेव्हा ज्ञानेश्वर महाराजांनी जठराग्नी चेतवला आणि आपली पाठ पुढे केली, आणि त्या तापलेल्या पाठीवर मुक्ताबाईंनी मांडे भाजले, असे संतचरित्रात सांगतात. आपण ही कथा चमत्कार म्हणून सांगतो आणि माना डोलावतो. आम्हाला आता तिच्यात दुसरीच गोष्ट दिसू लागली आहे. गावाने ज्या घरात विस्तव जाऊ दिला नाही, त्या घरातल्या भावाने बहिणीसाठी विस्तव कुठून आणला? स्वतःच्या देहातून आणला. सरपण म्हणून दुसऱ्याचे काही घेतले नाही, आपली पाठ दिली. आणि पुढे काय झाले? तो प्रकार पाहून वैर करणारा विसोबाच विरघळला, आणि तोच विसोबा खेचर नामदेवरायांचा गुरू झाला. वैर विझवायलाही आगच लागते, पण ती आपल्याच सरपणाची असावी लागते.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. शीतोष्ण, सुखदुःख सोसावे, हा साधकाचा धर्म नव्हे काय? मग उबेचे एवढे कौतुक कशाला? याचे उत्तर असे, की आपली थंडी आपण सोसली तर ते तप होईल. दुसऱ्याची थंडी आपण सोसली म्हणून सांगत बसलो, तर ती निव्वळ कठोरता. नदीवर पहाटे स्नान करणाऱ्याने स्वतःला गोधडी नको म्हणावे, पण पाळण्यातल्या पोराला नको म्हणण्याचा त्याला अधिकार नाही. तितिक्षा ही स्वतःसाठी आहे, शेजाऱ्यासाठी दया आहे. या दोहोंची अदलाबदल झाली की परमार्थाचा नुसता देखावा उरतो.

असो. सरपण द्यावे, हे एकदा कबूल केले, तरी ते सरपण येते कुठून, हे पाहिले पाहिजे. आमच्याकडे थंडीत जळण म्हणजे तुराट्या, पऱ्हाट्या, ज्वारीची धसकटे, गोवऱ्या, बाभळीच्या काट्याकुट्या. तुराटी भडकन पेटते आणि लगेच राख होते. ती चूल पेटवायला चांगली, पण रात्र काढायला नव्हे. बाभळीचे लाकूड जड, त्याचा निखारा टिकतो. म्हणून जो तो बाभळीच्या मागे. वाळलेली फांदी तोडली तर प्रश्न नाही. पण मागणी वाढली की कुऱ्हाड हिरव्या झाडावर चालते. आता गंमत अशी, की हिरवे लाकूड जाळणे हा अधर्म तर आहेच, शिवाय तो मूर्खपणाही आहे. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असते. ते पेटवले म्हणजे आगीची बरीच शक्ती ते पाणी उकळून वाफ करण्यातच खर्ची पडते. ऊब थोडी आणि धूर फार. लाकूड फोडून, आडोशाला रचून, उन्हाळाभर वाळवले आणि पाण्याचा अंश पाचव्या हिश्श्याच्या आत आला, म्हणजे थोड्या लाकडात जास्त जाळ मिळतो. म्हणजे जो माणूस वैशाखात पौषाची आठवण ठेवतो, त्याच्याकडून झाडही वाचते आणि घरही उबते. तुकोबारायांनी झाडांना आपल्या नात्यातले मानले. नात्यातल्या माणसाकडे आपण अडीनडीला मागतो, त्याची मान कापत नाही. विसरभोळेपणाने हिंसा कशी होते, ते इथे दिसते. उन्हाळ्यात जो निजला तोच हिवाळ्यात कुऱ्हाड घेऊन निघतो.

आणखी एक गोष्ट आहे, ती सांगताना आम्हाला जड जाते. शेकोटीचा जाळ पुढे बसणाराला मिळतो. धूर कोणाला मिळतो?

आमच्या लहानपणी पहाटे जाग यायची ती आईच्या फुंकणीच्या आवाजाने. फुंकणी, मग खोकला, पुन्हा फुंकणी. वडील आणि आम्ही भावंडे उठेपर्यंत पाणी तापलेले असे, स्वयंपाकघराच्या भिंती ऊन झालेल्या असत, आणि आम्ही चुलीसमोर हात पसरून बसत असू. वडील नामस्मरण करीत, आम्ही त्यांच्या मागे म्हणत असू. घर मातीच्या जाड भिंतींचे, माळवदाचे. ऊब आत टिकावी म्हणून झरोका थंडीत पोत्याने बंद केलेला. त्यामुळे ऊब टिके आणि धूरही टिके. आई चुलीच्या मागे, धुराच्या तोंडाशी. ती कधी पुढे येऊन शेकत बसल्याचे आम्हाला आठवत नाही. साठीच्या आतच तिला दोन पावले चालले तरी दम लागू लागला. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासून विचारले, "बाई, विडी किती वर्षं ओढताय?" आईने जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता. ती हसली आणि म्हणाली, "विडी न्हाई डाक्टर, चूल." त्यानंतर दोन हिवाळे तिने काढले.

आज जागतिक आरोग्य संघटना सांगते, की घरातल्या अशा धुराने २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. ३२ लाख हा आकडा वाचून मनाला काही होत नाही. पण त्यातली एक आई असते, आणि ती आपल्यासाठीच फुंकत बसलेली असते, हे कळले म्हणजे घास उतरत नाही. धुराचा हा प्रश्न काही नवा नव्हे. वर्ध्याच्या मगनवाडीतून मगन चूल निघाली, ती धूर नळकांड्याने बाहेर नेण्यासाठीच. १९८० च्या दशकात सरकारनेही सुधारलेल्या चुलींची मोहीम काढली. मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेत गॅसच्या जोडण्या खेडोपाडी पोहोचल्या. हे सर्व चांगलेच झाले. तथापि सिलिंडर महाग पडतो म्हणून तो चहापुरता ठेवायचा आणि थंडीतले आंघोळीचे पाणी, भाकरी, आणि घराची ऊब लाकडावरच भागवायची, हे अनेक घरांत आजही चालते. धुराच्या तोंडाशी बसणारी आजही तीच आहे.

मग करावे काय? आधी तो पोत्याने बुजवलेला झरोका उघडावा. चुलीवर धुराडे बसवावे. लाकूड वाळवूनच जाळावे. आणि कोळशाची शेगडी घेऊन बंद खोलीत कधीही निजू नये. तिचा धूर दिसत नाही म्हणून ती निर्धोक वाटते, पण तिच्यातून जो विषारी वायू निघतो त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो माणसाला झोपेतच नेतो. हे झाले उपाय. पण सगळ्यांत मोठा उपाय खर्चाचा नाहीच. पहाटे घरातल्या पुरुषाने उठून चूल पेटवावी आणि जिने चाळीस वर्षे पेटवली तिला पुढे बसवावे. पंढरीच्या वाटेवर अनोळखी बाईला आपण 'माऊली' म्हणून वाकतो आणि घरातल्या माऊलीला धुरात बसवून हरिपाठ म्हणतो, हे पांडुरंगाला कसे आवडावे? आम्ही हे शहाणपण सांगतो आहोत खरे, पण आम्हाला ते आई गेल्यावर सुचले. वाचकांना आधी सुचावे म्हणून लिहिले.

आता त्या रात्रीची उरलेली हकीकत सांगतो. सकाळी उजाडताच आम्ही लाकडाची एक मोळी घेऊन टोळीच्या कोप्यांकडे गेलो. ही मंडळी बीडकडची. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन निघायचे, आणि ऊस संपेपर्यंत, फाल्गुन-चैत्रापर्यंत, परमुलखात पाचटाच्या कोपीत राहायचे. आपल्या चहात जी साखर पडते ती यांच्या कोयत्यावरून आलेली असते. बहुतेकजण फडात गेले होते. रात्रीचे ते पोर भेटले. त्याने आईला बोलावले. तिच्या कोपीकडे पाहिले तर एक बाजू खचलेली. आतल्या बाजूचे दोन कोरडे बांबू काढून तिने रात्री जाळले होते. आम्ही म्हटले, "बाई, स्वतःची कोपी मोडून शेक घेतलात?" तर ती म्हणाली, "म्या न्हाई बाबा. त्या पल्याडल्या कोपीत वली बाळंतीण हाय, चार दिसाचं लेकरू. रात काढाया नगं?"

आम्ही तिथे उभे होतो आणि आम्हाला पैठणच्या वाड्यातली गोष्ट आठवत होती. भर पावसात, अपरात्री, नाथमहाराजांच्या दारी अतिथी आले. घरात शिधा होता, पण कोरडे सरपण नव्हते. तेव्हा नाथांनी आपला पलंग मोडून त्याचे जळण केले आणि पाहुण्यांना ऊब आणि अन्न दिले, असे चरित्रकार सांगतात. नाथ १५९९ साली गेले. आम्ही ही गोष्ट कीर्तनात किती वेळा ऐकली, किती वेळा सांगितली! पण आमच्या डोळ्यांसमोर ती घडली तेव्हा पलंग मोडणारी बाई ऊस तोडणारी होती, आणि जिने हरिपाठ म्हटला की नाही हे आम्हाला ठाऊक नाही. तिने त्यातला अर्थ मात्र रात्रभर जागून जाळला होता. आम्ही मोळी खाली ठेवली. ती म्हणाली, "लई उपकार झालं, माऊली." त्या शब्दाने आम्ही जेवढे खाली गेलो तेवढे कोणाच्या शिव्यांनी गेलो नसतो.

आम्हाला यातून जे समजले ते थोडक्यात असे. देवाचे नाम हे विस्तवासारखे आहे. एकाने दुसऱ्याला दिले तर देणाऱ्याचे कमी होत नाही, म्हणून ते आपण मोकळ्या हाताने देतो, आणि द्यावेही. पण नुसत्या निखाऱ्याने कोणाची रात्र सरत नाही. त्याच्याखाली सरपण लागते. ते सरपण म्हणजे आपले धान्य, आपला वेळ, आपली झोप, आपली शेकोटीजवळची जागा. ते दिले की आपल्याकडचे खरोखरच कमी होते. कमी होते म्हणूनच ते दान. संतांनी आपल्याला विस्तव दिला तो स्वतःचे सरपण जाळून दिला. आपण मात्र त्यांच्या विस्तवावर शेकत बसलो आहोत, आणि आपली मोळी परसात कोरडी ठेवली आहे.

कोणी विचारील, घरात चारच काटक्या असतील तर आधी आपल्या लेकरांचे पाहावे की परक्याचे? प्रपंची माणसाचा हा प्रश्न रास्त आहे, त्याला हसू नये. सगळ्यांनीच पलंग मोडावा असे आम्ही म्हणत नाही, आमच्यानेही ते झाले नाही. पण दिंडीत आपण जशी आपापली भिशी भरतो, आणि मग पंगतीत कोणी कमी भरली, कोणी जास्त, हे पाहत नाही, तसे गावाचे करता येईल. आमच्या गावी यंदा ते सुरू केले आहे. वैशाखात प्रत्येक घराने वाळल्या लाकडाची एक मोळी देवळामागच्या पडवीत आणून रचावी. झाड तोडून नाही, पडलेले, छाटलेले, वेचलेले. थंडीत कोणीही मागायला आला, की तो गावचा की उपरा, हे न विचारता त्यातून द्यावे. मागायला लाज वाटणारे असतील त्यांच्या दारी रात्री गुपचूप नेऊन टाकावे. आणि देवळापुढच्या शेकोटीला एक नियम केला आहे, की सर्वांत जवळची जागा सर्वांत म्हाताऱ्याची आणि सर्वांत लहान पोराची. उजेडाच्या कडेला कोणी उभा दिसला तर बसलेल्याने उठून त्याला जागा द्यायची.

यात फार मोठे काही नाही. तरीही हे लिहिताना मनात येते, की त्या रात्री त्या पोराने आमच्या तोंडाकडे एकदा पाहिले होते. ते पाहणे कोणाचे होते? विटेवर उभा राहून अठ्ठावीस युगे जो वाट पाहतो, तो कधी कधी उजेडाच्या कडेला येऊनही उभा राहत असेल. हातात पत्र्याचा तुकडा घेऊन येत असेल. आम्ही त्याला चार निखारे देऊन वाटेला लावले. पुन्हा तो येईल तेव्हा त्याला म्हणता यावे, "ये बाळा, बस. लाकडंही आहेत."

रामकृष्णहरी.